त्सुमेगो पुन्हा पुन्हा चुकतंय? गो या पटावरच्या खेळातली जगण्या-मरण्याची कोडी : लक्षणं, तपासण्या आणि थांबायची जागा

आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन जुळत असतील तर पुढचं वाचायला हरकत नाही.

- पहिली चाल बरोबर येते, पण समोरच्यानं उत्तर दिल्यावर पुढे काय करायचं ते ठाऊक नसतं.
- अ‍ॅपवर बहुतेक कोडी सुटतात, तीच छापील पानावर दिली की निम्मी चुकतात.
- तुमचं उत्तर को (एकच सोंगटी आलटून-पालटून उचलायची लढत, जिथे लगेच परत उचलता येत नाही) निघतं आणि उत्तरपत्रिकेत साफ मरण असतं. किंवा याच्या उलट.
- चौथ्या-पाचव्या चालीला डोक्यातला पट धूसर होतो आणि कुठली सोंगटी उचलली गेली ते आठवत नाही.
- कोडं म्हणून समोर आलं तर सुटतं, डावात तोच आकार आला तर नजरेतून निसटतो.
- उत्तर पाहून "अरे हो" म्हणता, महिन्याभरानं तेच कोडं परत चुकता.

अशा वेळी बहुतेक जण अवघड कोड्यांचा नवा संग्रह उघडतात आणि तिथेच बिघाड वाढतो. दोष बहुधा खोल वाचनात नसतोच, तो आधीच्या एखाद्या साध्या पायरीवर असतो. म्हणून तपासणी स्वस्तापासून महागाकडे करायची. वरच्या तपासण्यांना अर्धा मिनिट लागतो, खालच्यांना काही महिने.

1. प्रश्न नीट वाचलाय का?

हास्यास्पद वाटतं, पण चुकांचा मोठा वाटा इथलाच असतो. चाल कोणाची? मारायचंय की जगायचंय? पटाची कड कुठल्या बाजूला आहे? आकृती अर्धवट छापलेली असेल तर कोपरा समजून सोडवलेलं कोडं प्रत्यक्षात कडेवरचं निघतं आणि सगळं गणित बदलतं. वेढा पूर्ण बंद आहे का आणि वेढणाऱ्या सोंगट्या स्वतः पक्क्या आहेत का, हेही पाहा. वेढ्यात फट असेल तर "दोन डोळे" (गटाच्या आतली दोन वेगळी मोकळी घरं, ज्यांमुळे तो मारता येत नाही) हा प्रश्नच गौण ठरतो, तिथून पळता येतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवा, ती म्हणजे सर्वोत्तम निकाल कोणता. मारणाऱ्यासाठी साफ मरण सर्वांत वर, त्याखाली को, त्याखाली सेकी (दोन डोळे नसूनही कोणीच कोणाला मारू शकत नाही अशी कोंडी). जगणाऱ्यासाठी दोन डोळे वर, मग सेकी, मग को. कोमध्येही पहिली उचल कोणाची हे महत्त्वाचं, कारण ज्याला आधी उचलायला मिळतं त्याला धमकी (दुसरीकडची, उत्तर द्यावंच लागेल अशी चाल) शोधायची पाळी उशिरा येते. को सापडली की बरेच जण थांबतात. थांबू नका, त्याहून वरचा निकाल आहे का ते आधी बघा.

2. बाहेरच्या लिबर्टी मोजल्या का?

माझ्या मते ही सगळ्यात जास्त दुर्लक्षित तपासणी आहे. आत डोळ्यांची जागा दिसते, नजर तिथे चिकटते आणि गटाला बाहेरून किती लिबर्टी, म्हणजे लागून असलेली मोकळी घरं, उरल्यात हे कोणी मोजत नाही. एक आकार जवळून पाहू.

कोपऱ्यातला सहा घरांचा आयत घ्या. बिंदू लिहिताना पहिला आकडा कोपऱ्यापासून आडवा आणि दुसरा उभा मोजू. काळ्याच्या सोंगट्या 4-1, 4-2, 4-3, 3-3, 2-3 आणि 1-3 वर आहेत. आत 1-1, 2-1, 3-1 आणि 1-2, 2-2, 3-2 ही सहा घरं मोकळी. बाहेरून पांढऱ्यानं घेरलंय, चालही पांढऱ्याची. काळा जगतो का?

उत्तर बाहेरच्या लिबर्टींवर ठरतं. बाहेर एकही नसेल तर तो मरतो. एक असेल तर को. दोन किंवा जास्त असतील तर जगतो. आतला आकार तिन्ही वेळा तोच!

शून्य लिबर्टीचं वाचन असं. पांढरा 2-2, काळा 2-1, पांढरा 1-2. आता काळ्याला 3-2 खेळून पांढऱ्या दोन सोंगट्या अटारीत (एकच लिबर्टी उरलेल्या स्थितीत) आणाव्याशा वाटतात. पण तो 3-2 खेळला की पांढरा 3-1 वर टाकतो. त्या पांढऱ्या सोंगटीला स्वतःची एकही लिबर्टी नाही, पण काळ्याच्या बाहेरच्या भिंतीलाही उरलेली नाही, त्यामुळे अख्खी भिंत उचलली जाते. काळा 3-2 ऐवजी 1-1 खेळला तर पांढरा 3-2. मग काळ्याला 3-1 वर तीन सोंगट्या उचलता येतात, पण मागे सरळ तीन घरांचा डोळा उरतो आणि पांढरा त्याच्या मध्यावर म्हणजे 2-2 वर परत बसतो. संपलं.

आता बाहेर एक लिबर्टी द्या. तीच ओळ खेळून पाहा. काळ्याच्या 3-2 नंतर पांढऱ्याला 3-1 वर टाकता येत नाही, कारण भिंतीला अजून एक लिबर्टी आहे आणि ती चाल आत्महत्या ठरते. काळा सुटला. म्हणून पांढऱ्यानं वाट बदलायची. पांढरा 2-1, काळा 2-2, पांढरा 3-1, काळा 1-1, पांढरा 1-2 वर खेळून 1-1 ची सोंगटी उचलतो. को. इथे काळ्यानं को सोडून 3-2 खेळली तर पांढरा बाहेरची शेवटची लिबर्टी भरून सगळा गट उचलतो. बाहेर दोन लिबर्टी असत्या तर नेमकी हीच 3-2 काळ्याला वाचवते. पांढऱ्यानं एक भरली की काळा 1-1 वर तीन सोंगट्या उचलून जगतो.

हा आकार पटावर मांडून तिन्ही प्रकार हातानं खेळा. एकदा बोटांनी केलं की बाहेरच्या लिबर्टी मोजायची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही. त्यानंतर प्रत्येक कोड्यात, पहिली चाल शोधायच्या आधी, दोन्ही बाजूंच्या लिबर्टी मोजून आकडा मनात धरायचा. पाच सेकंदांचं काम आहे.

3. पातळी बरोबर आहे का?

रोजच्या सरावाची कोडी अशी हवीत की त्यातली बहुतांश एक-दीड मिनिटात, उत्तर न बघता, पूर्ण खात्रीनं सुटावीत. दहातली निदान सात-आठ सुटत नसतील तर एक पायरी खाली उतरा. यात कमीपणा नाही. सोपी कोडी झटपट सोडवल्यानं आकार डोळ्यांत बसतात, आणि अवघड कोड्याची शेवटची स्थिती म्हणजे बहुधा असंच एक सोपं कोडं असतं. ते ओळखता आलं नाही तर सात चाली बरोबर वाचूनही उपयोग होत नाही.

अवघड कोडी आठवड्यातून दोन-तीन पुरेत, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटांची मर्यादा घालून. ‘इगो हात्सुयोरोन’ हा इनोउए दोसेत्सु इन्सेकी यांनी 1713 साली तयार केलेला संग्रह व्यावसायिक खेळाडूंनाही घाम फोडतो. नवशिक्यानं तो उघडून "मला वाचताच येत नाही" असा निष्कर्ष काढू नये.

4. अंदाजानं बोट तर लावत नाही ना?

अ‍ॅपवर बरं आणि कागदावर वाईट, हे लक्षण असेल तर बहुतेक वेळा कारण हेच. अ‍ॅप चुकीच्या चालीला लगेच लाल दाखवतं, तुम्ही दुसरी लावता, ती हिरवी येते आणि मेंदू "सुटलं" अशी नोंद करतो. शिवाय समोरची बाजू अ‍ॅपच खेळतं, त्यामुळे सगळ्यात कडवा प्रतिकार शोधायचं काम तुमच्याकडून होतच नाही.

उपाय साधा आहे. पहिली चाल लावायच्या आधी समोरच्याची दोन सर्वांत त्रासदायक उत्तरं आणि त्यांवरच्या आपल्या चाली मनात म्हणायच्या. त्या म्हणता येत नसतील तर बोट पटापासून लांब. पहिल्या आठवड्यात वेग निम्म्यावर येईल, येऊ द्या.

5. डोळ्यांचे आकार तोंडपाठ आहेत का?

हे वाचून काढायची गोष्ट नाही, थेट आठवायला हवी. स्वतःची परीक्षा घ्या. एकेक आकार बघून तीन सेकंदांत निकाल सांगा. इथे कोपऱ्याचे अपवाद बाजूला ठेवलेत.

सरळ तीन आणि वाकडे तीन : ज्याची चाल त्याचा निकाल, मर्मस्थान मधलं घर. सरळ चार, वाकडे चार आणि नागमोडी चार : जिवंत, हात लावायची गरज नाही. चौकोनी चार : मेलेलेच, आधी खेळूनही जगत नाहीत, कारण एक चाल भरली की वाकडे तीन उरतात. टी आकाराचे चार, जाडे पाच (चौकोन आणि त्याला चिकटलेलं एक घर), फुलीचे पाच आणि फुलासारखे सहा : सगळ्यांना एकच मर्मस्थान, जिथे सर्वाधिक घरं भेटतात ते. तिथे आधी बसेल त्याचं काम झालं.

सोबत दुसऱ्या ओळीचा हिशेब ठेवा. कडेवर दुसऱ्या ओळीत सलग सहा सोंगट्या मरतात, आठ जगतात, सातला ज्याची चाल तो जिंकतो. कोपऱ्यात हेच आकडे चार, सहा आणि पाच.

मोठ्या डोळ्यात समोरच्याच्या सोंगट्या अडकल्या असतील आणि बाहेर लिबर्टींची शर्यत लागली असेल, तर तीन घरांच्या डोळ्याच्या 3 लिबर्टी, चारच्या 5, पाचच्या 8, सहाच्या 12 धरायच्या. आत आधीच बसलेल्या प्रत्येक सोंगटीमागे एक वजा. हे आकडे माहीत नसणारे पाच घरांचा डोळा पाच लिबर्टींचा समजून शर्यत अकारण सोडून देतात.

6. उमेदवार चालींची यादी अपुरी आहे का?

एकच चाल सुचते, तीच खोल वाचली जाते, ती चुकते आणि वीस मिनिटं जातात. त्यापेक्षा आधी तीन-चार उमेदवार नुसते मोजा, कुठलाही न वाचता. मारायचं असेल तर क्रम असा ठेवावा : बाहेरून हाने (समोरच्याच्या सोंगटीला वळसा घालणारी चाल) घालून जागा आकसते का, त्यानं तो तरीही जगत असेल तर आत मर्मस्थानी टाकणं, मग त्याच्या जोडण्यांमधले छेद. जगायचं असेल तर उलट : आधी जागा वाढवणं, पुरेशी वाढत नसेल तर मर्मस्थान स्वतः घेणं, आणि तेही नसेल तर समोरच्याच्या लिबर्टी कमी पडतात का ते बघणं.

काही चाली नजरेतून हटकून सुटतात. 1-1 चा बिंदू, कारण तो निरुपयोगी वाटतो. पहिल्या ओळीवर सरळ खाली उतरणं, कारण हाने जास्त आक्रमक दिसतं. आपलीच सोंगटी फुकट टाकून डोळा खोटा करणं. कोपऱ्यातले 2-1 आणि 1-2. उमेदवार यादी संपली असं वाटलं की या चारांवरून एकदा नजर फिरवा.

सममित आकारात मधला बिंदू आधी तपासावा हा जुना सल्ला खरा आहे, पण तो तपासण्यापुरता. तो आंधळेपणानं खेळणारे त्याच सल्ल्यानं फसवलेल्या कोड्यात अडकतात.

7. समोरच्याला मूर्ख समजताय का?

"मी इथे, तो तिथे, मग मी इथे" या वाक्यातला "तो तिथे" बहुतेक वेळा तुमच्या सोयीचा असतो. उत्तर सापडलं असं वाटलं की बाजू बदला. आता तुम्ही समोरचे आहात आणि काहीही करून हे उत्तर मोडायचंय. तीन प्रतिकार शोधा. त्यात एक प्रतिकार असा घ्या की जो आत न खेळता बाहेरची लिबर्टी भरतो, आणि दुसरा असा की जो तुमच्या अटारीकडे दुर्लक्ष करून उलटी अटारी देतो.

याच टप्प्यावर पास करून पाहणं उपयोगी पडतं. मारायच्या कोड्यात पांढऱ्यानं काहीच खेळलं नाही आणि काळ्याला चाल दिली, तर काळा कुठे खेळून जगेल? ती जागा तुमच्या उमेदवार यादीत सर्वांत वर असली पाहिजे. तिचाच शोध लागत नसेल तर गट बहुधा आधीच मेलाय, किंवा तुमची मोजणी चुकलीय.

8. सोंगट्या उचलल्यानंतरचा पट दिसतो का?

इथून तपासण्या महाग होतात. धूसर होणारा पट बहुधा ठरावीक जागी धूसर होतो, म्हणजे सोंगट्या उचलल्या गेल्यावर. मनात नव्या सोंगट्या ठेवणं सोपं असतं, जुन्या काढून टाकणं अवघड. त्यामुळे स्नॅपबॅक (एक सोंगटी मारू देऊन लगेच समोरच्याचा गट उचलणं), दोन सोंगट्या उचलू दिल्यावर उचलणारी एक सोंगटी परत उचलणं, आणि चार सोंगट्या मारू देऊन मोकळ्या झालेल्या जागेतच छेद घालणं, या तीन जागी चूक होते.

सराव असा करा. फक्त उचल असलेली सोपी कोडी निवडा. मनात उचल झाली की थांबा आणि मोकळी झालेली घरं बिंदूंच्या नावानं म्हणा, "2-2, 3-2 मोकळे, आता काळ्याची चाल". मग पुढे वाचा. पटावर सोंगट्या हलवून सोडवू नका, त्यानं उत्तर मिळतं पण दोष तसाच राहतो. उत्तर पक्कं झाल्यावर तपासायला हलवल्या तर चालेल. रोज पाच कोडी, निदान दोन-तीन महिने. याला जवळची वाट नाही.

9. नियमांमुळे निकाल बदलतोय का?

कधी वाचन अचूक असतं आणि तरी उत्तर जुळत नाही. ठळक उदाहरण कोपऱ्यातल्या वाकड्या चारचं. जपानी नियमांत डाव संपताना तो गट मेलेला धरला जातो, प्रत्यक्ष को न खेळता. चिनी नियमांत तो पटावर खेळून दाखवावा लागतो आणि मारणारा आधी समोरच्याच्या कोच्या धमक्या संपवतो. त्यामुळे पटावर कुठे न काढता येणारी धमकी, उदाहरणार्थ एखादी सेकी, शिल्लक असेल तर फरक पडतो. आत्महत्येची चालही काही नियमसंचांत चालते. तुमचा संग्रह कुठल्या नियमांवर आहे ते प्रस्तावनेत बघा आणि पुढे चला.

10. कोडं सुटतं, डावात मात्र नाही

डावात कोणी "काळ्यानं मारा" असं लिहून ठेवत नाही. इथे दोष वाचनाचा नसून ते सुरू कधी करायचं याचा आहे. तीन प्रसंगी थांबून वाचायची सवय लावा : एखाद्या गटाचा शेवटचा बाहेरचा रस्ता बंद झाला की, गटाची बाहेरची लिबर्टी भरली गेली की, आणि तुम्ही दुसरीकडे खेळायला निघालात की. तिन्ही वेळा प्रश्न एकच, "समोरच्यानं इथे आत्ता चाल केली तर हा गट मरतो का?" दुसरा प्रसंग सर्वाधिक फसवतो. वरचा आयत आठवा, लिबर्टी एकेक भरत जाते आणि जिवंत गट गुपचूप कोमध्ये आणि मग मरणात जातो.

परत परत चुकणाऱ्या कोड्यांसाठी वही हवी. त्यात उत्तर लिहायचं नाही, चूक कुठल्या क्रमांकाच्या तपासणीत बसते तेवढंच लिहायचं. तीस-चाळीस नोंदी झाल्या की एकच क्रमांक सारखा दिसू लागतो. चुकलेलं कोडं तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं पुन्हा.

इथे थांबा आणि जाणत्याला विचारा

एका कोड्यावर वीस मिनिटं झाली आणि नवा उमेदवार सुचत नाही, तर थांबा. उत्तर बघा, पण पूर्ण ओळ नको, फक्त पहिली चाल. ती पाहूनही का चालते ते कळलं नाही तर कोडं तुमच्या पातळीचं नाही, पुढचं घ्या.

उत्तरच चुकीचं वाटतंय? छापील संग्रहांत क्वचित चुका असतात. पण आधी लिबर्टी परत मोजा, बाजू बदलून मोडायचा प्रयत्न करा आणि नियम तपासा. तरीही शंका उरली तर काटागोसारख्या गो खेळणाऱ्या संगणकी इंजिनला द्या, पण मांडणी सांभाळून. 2019 पासून उपलब्ध असलेलं हे इंजिन पूर्ण पटाचा फायदा बघतं. बाकीचा पट रिकामा ठेवलात तर ते कोपरा सोडून मधे खेळेल आणि तुम्हाला वाटेल की तुमची चाल वाईट होती. उरलेला पट दोन्ही रंगांच्या पक्क्या, जिवंत गटांनी भरा आणि गुण असे जुळवा की डावाचा निकाल याच कोपऱ्यावर अडकेल. को असेल तर बाकी पटावर धमक्या कोणाकडे किती आहेत हेही ठरवून ठेवा, नाहीतर को आणि साफ मरण यांतला फरक इंजिनच्या टक्केवारीत दिसणारच नाही.

दोन-तीन महिने वही भरूनही एकच क्रमांक हटत नसेल, विशेषतः 7 किंवा 8, तर एकट्यानं रेटू नका. तुमच्यापेक्षा पाच-सहा दगडांनी, म्हणजे श्रेणींनी, वरचा खेळाडू किंवा शिक्षक गाठा. तो तुमचं वाचन मोठ्यानं ऐकेल आणि कुठे वळण चुकतं ते दहा मिनिटांत पकडेल. हे काम इंजिनला जमत नाही, त्याला तुमच्या डोक्यातली ओळ दिसत नाही. आणि रेषा नुसत्या कोड्यातच नाही तर पुस्तकात, पडद्यावर सगळीकडेच धूसर होत असतील, डोकं दुखत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

शिक्षकाकडे जाताना तीन-चार चुकलेली कोडी न्या. प्रत्येकासोबत पूर्ण मांडणी (बाहेरच्या सोंगट्यांसकट), चाल कोणाची, तुम्ही मोजलेल्या लिबर्टी आणि तुम्ही वाचलेली पूर्ण ओळ लिहून ठेवा. ओळ चुकीची आहे हे आता कळलं असलं तरी ती दुरुस्त करू नका, जशी सुचली होती तशीच द्या.